दीड वेटोळं

केप टाउनच्या या टोकाला, रिट्रीटमध्ये,
पिकअपला बकी म्हणतात.
आमची चौदाशेची निसान,
मिठानं खाल्ला तेवढा भाग सोडला
तर निळी.

ताश्रीकला ती खाली बसवायची होती.
चाकांवर पत्रा असा यावा
जशी भुवयांपर्यंत ओढलेली टोपी.
दुकानातला तयार संच साडेसहा हजार रँड.
मी सुपरमार्केटात गल्ल्यावर बसते,
मला विचारून उपयोग नव्हता.
आमच्याकडे होते नऊशे चाळीस.

म्हणून रविवारी, अंकल क्लाइव्हच्या मागल्या अंगणात:
पुढची स्प्रिंग कापायची, मागे ठोकळे घालायचे.
ठोकळे भंगारातले, दोन इंची, जोडी दीडशेला.
यू-बोल्ट मात्र नवे, एकशेदहाला एक.
"तिथे कंजूषी केलीस तर ॲक्सल
तुझ्याआधी घरी पोचेल," क्लाइव्ह म्हणाले.
स्प्रिंग आवळायचा शिकंजा उसना,
त्याचं भाडं चिप्स कोंबलेला हातभर लांब पाव.

आग्नेयेचा वारा नटांच्या डबीत
मोजून वाळू घालत होता.
ताश्रीकनं गॅसची बत्ती पेटवली,
क्लाइव्हनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.
"तापवलंस की पोलादाचा जीव जातो.
मग भार आला की नुसतं माफी मागत राहतं.
थंड कापायचं. ग्राइंडरनं. थांबत थांबत, पाणी मारत."

किती कापायचं यावर तासभर वाद.
ताश्रीक म्हणे दोन वेटोळी, क्लाइव्ह म्हणत एक.
मी टॉर्च धरून उभी. म्हटलं, दीड.
गल्ल्यावर असंच मिटवतात.

कापलेले तुकडे फरशीवर पडले
आणि बराच वेळ गरगरत राहिले,
ओझं उतरल्याचं त्यांना पटत नसल्यासारखे.

मागे कमान-पाटे. गंजलेले जुने बोल्ट सुटेनात.
तेल झालं, शिव्या झाल्या,
शेवटी पान्याला पाइप लावून
ताश्रीक त्यावर उभाच राहिला.
पाट्यांच्या फटीतून तेव्हा निघाले
खवले. चंदेरी, वाळून अभ्रक झालेले.
स्नूक मासा. कॉक बे बंदराचा.
चार हिवाळ्यांपूर्वीचा.
कुणी काही बोललं नाही.
क्लाइव्हनी सगळं घासून घेतलं, तेवढी फट सोडून.

अंधार पडता पडता जॅक उतरवला.
बकी खाली आली, अजून खाली,
आणि एक सुस्कारा टाकून थांबली.
सकाळी टायरवर अख्खी मूठ जात होती.
आता ताश्रीकनं बोटं घातली, तीनच मावली.
तो गुडघ्यांवर बसूनच हसला.

आई आम्हाला न्यायला आली होती.
हात ओढणीला पुसत फाटकातच थबकली.
"भरून आलीय," म्हणाली.

आणि मग मलाही दिसलं.
बाबा बंदरावरून परतायचे तेव्हा
बकी अशीच असायची, बूड टेकलेलं,
हौद्यात ओल्या गोणपाटाखाली तीनशे किलो मासे,
गल्लीच्या तोंडाशी भोंगा,
आणि सगळ्या दारांतून परातींचा आवाज.
उंच ती फक्त रिकामी असताना दिसायची.
चार वर्षं आम्ही तीच तिची उंची समजत होतो.

हिशोब मी पावतीच्या पाठीवर लिहिला.
ठोकळे, बोल्ट, ग्राइंडरच्या दोन चकत्या, पाव.
बाकी एकशेसत्तर रँड. आणि बकी.
एकशेसत्तरचं पेट्रोल टाकलं.

आई पुढे बसली, कुणाचा हात न धरता,
गुडघा न कुरकुरता, खुर्चीवर बसावं तशी.
मी मागे हौद्यात.
कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर पोट घासलं,
करकरत, ठिणगी उडवत.
ताश्रीकनं शिवी अर्धी गिळली.

"तिरकी घाल," आई समोर बघत म्हणाली.
"ते तिरकी घालायचे."